अकरा पोकळ फरश्या

घरातल्या अकरा पोकळ फरश्या जिला तोंडपाठ होत्या, तिला स्वतःच्या मांडीवरच्या पोराची एवढी मोठी गोष्ट अकरा महिने कळू नये, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तिलाही वाटत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ती हे एकच वाक्य मनात उलटंसुलटं करून बघत राहिली, आणि कुठूनही धरलं तरी ते हाताला चटकाच देत होतं.

तशी ती निष्काळजी बाई नव्हे. उलट डोळ्यांत तेल घालून राहणारी. सासू तिला 'फौजदारीण' म्हणायची ते काही उगाच नाही. ढब्बू पोटात असल्यापासून तिनं एक वही घातली होती. वहीत घरातले धोके एकाखाली एक लिहिलेले. खालच्या फळीवरची फिनाईलची बाटली. कपाटाची टोकं. गॅलरीच्या गजांमधलं अंतर, तेही मोजपट्टी लावून. प्रत्येक नोंदीपुढे एक चौकोन, आणि बंदोबस्त झाला की चौकोनात बरोबरची खूण. ढब्बू जन्मल्यावर वहीत त्याच्या अंगाचीही पानं वाढली. वजन, दात, टाळू, डोळे, कान. जन्मल्याच्या दिवशी दवाखान्यातलं कान तपासायचं यंत्र बंद होतं, महिन्याभरानं आणा म्हणाले. महिन्यानं त्याला सर्दी झाली. मग तो बसायला लागल्यावर तिनंच एक दिवस तो सतरंजीवर पाठमोरा असताना मागून स्टीलचं ताट आपटलं. पोर दचकलं, वळलं, ओठ काढून रडलं. तिनं त्याला उचलून घेतलं, पापा घेतला आणि वहीत खूण केली.

"आम्हीही पोरं वाढवली," सासू म्हणायची. "वहीबिही काही नव्हती."

"म्हणूनच तुमचा मुलगा दोनदा जिन्यावरून पडला, आई."

"त्यानंच तर तो शांत झाला. नाहीतर तुला झेपला नसता."

वहीतल्या एका नोंदीपुढचा चौकोन मात्र वर्षभर रिकामा होता. बाहेरच्या खोलीची जमीन. करड्या सिमेंटच्या जुन्या फरश्या, खाली वाळू पसरून बसवलेल्या, आणि ती वाळू कधीच इकडेतिकडे झालेली. दारापासून खिडकीपर्यंतची अख्खी ओळ सुटी. दारात पाय पडला की पहिली डुगडुगायची, ती दुसरीला धक्का द्यायची, दुसरी तिसरीला, आणि खडखडाट थेट खिडकीखाली, ढब्बूच्या सतरंजीपर्यंत जाऊन थांबायचा. तिनं चमच्यानं ठोकून ठोकून सगळ्या खोलीचा नकाशा काढला होता. अकरा पोकळ. नकाशात त्या अकरा तिनं लाल केल्या होत्या. एखादीचा कोपरा तुटेल, पोराचं बोट फटीत अडकेल, खालून विंचू निघेल. तिला झोपेतही ती लाल घरं दिसायची.

बाकीच्यांना त्या आवाजाची सवय झाली होती. सासू आली की धडधड, नवरा आला की खट, खट, मध्ये बराच वेळ, मग खट. "या घरात चोर शिरला तर फरशीच बोंब मारेल," सासू म्हणायची. आणि ढब्बू तर काय, एकदम तयार. दारात कुणीही आलं की पाठमोरा असला तरी मान वळवायचा आणि चार दातांनिशी हसायचा. "आईचं पाऊल ओळखतो," ती येईल त्याला सांगायची. सांगताना थोडी फुगायचीच.

शेवटी तिनं हट्टानं मिस्त्री बोलावला.

मिस्त्री पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा, गुडघ्यांना जुन्या टायरच्या चकत्या बांधलेला. एकटाच यायचा. बोलायचा कमी, ऐकायचा जास्त. जुनी फरशी उखडून चार दिवसांत त्यानं नवी बसवली, मोठी, फिकी, गुळगुळीत. प्रत्येक फरशी ठेवली की थापीच्या लाकडी मुठीनं तिच्यावर ठोकायचा, चार कोपरे आणि मधोमध, आणि ठोकताना डोळे मिटायचा. आवाज भरीव आला तर पुढे. बद्द आला तर फरशी परत वर, मसाला परत खाली.

त्या चार दिवसांत ती मागच्या खोलीच्या दारात टेबल टाकून काम करत असायची. शाळकरी मुलांच्या एका ज्ञानकोशासाठी ती नोंदी लिहायची, आणि योगायोग असा की त्या आठवड्यात तिच्या वाट्याला 'टाइल' आली होती. अर्थ, उपयोग आणि शब्दाचं मूळ, सगळं मिळून तीनशे शब्दांत.

"मिस्त्री, तुम्ही याला काय म्हणता? फरशी की टाइल?"

"पायाखाली आली की फरशी," मिस्त्री मान वर न करता म्हणाला. "भिंतीवर चढली की टाइल. छपरावर गेली की कौल. आणि पायावर पडली की मग तोंडात येईल ते."

तिनं हसून ते टिपून घेतलं, शेवटचं वगळून. मग पुस्तकात बघून म्हणाली, "फरशी म्हणजे मुळात पसरलेली वस्तू. आणि टाइल हा शब्द निघाला लॅटिनमधून. तिथं मूळ धातूचा अर्थ आहे झाकणं. आधी त्यानं लोक छपरं झाकायचे, मग तो शब्द उतरत उतरत भिंतीवर आला, जमिनीवर आला."

"बरोबर आहे की," मिस्त्री म्हणाला. "झाकणंच आहे ते. खाली खड्डा असला तरी वरून चकचकीतच दिसणार. म्हणून तर ठोकून बघायचं. डोळा फसतो, ताई. कान फसत नाही."

तेही तिनं टिपून घेतलं. तिला ते फार आवडलं.

"माझ्या हातची फरशी बोलत नाही," जाताना मिस्त्रीनं सांगितलं. "आठ दिवसांनी सांधे भरायला येतो. तेव्हा परत एकदा सगळी ठोकून बघीन."

आणि खरंच, फरशी बोलेनाशी झाली. दारातून खिडकीपर्यंत चाला, नाचा, आदळा, आवाज म्हणून नाही. पहिल्या दिवशी सासू मुद्दाम चार फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "घरात मी आहे की नाही तेच कळत नाही." नवी जमीन गार लागते म्हणून तिनं खिडकीखाली सतरंजीऐवजी जाड गोधडी घातली, दुहेरी. ढब्बूला तिच्यावर बसवलं. वहीतल्या त्या वर्षभराच्या चौकोनात खूण केली. त्या दिवसाइतकं हलकं तिला बाळंतपणानंतर वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दारातून हाक मारली तर ढब्बू वळला नाही.

खेळात असेल. ती जवळ गेली, वाकली, आणि मागून त्याला उचललं. पोर असं किंचाळलं की तिच्याच हातून सुटणार होतं. तोंड बघितल्यावर शांत झालं, पण छाती किती वेळ धडधडत होती. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तो तिच्याकडे पाठ करून बसला होता, ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून नाव घेत होती, आणि तो एकात एक वाट्या घालत होता. घातल्या की काढत होता.

"तोंड फुगवलंय," सासूनं निदान केलं. "चार दिवस मागच्या खोलीत कोंडलंस, राग येणार नाही?"

"अकरा महिन्यांच्या पोराला कसला राग, आई?"

"बापावर गेलाय. तो लग्नाआधी आठ दिवस बोलला नव्हता माझ्याशी."

"का?"

"तेही नाही सांगितलं."

ती हसली खरी, पण लगेच तिनं वहीत नवं पान उघडलं. हाकेला वळत नाही. मागून उचललं की घाबरतो. 'बाबाबा' आधी करायचा, हल्ली कमी. कारणांच्या रकान्यात तिनं लिहिलं, मसाल्याचा वास, सिमेंटची धूळ, गारवा. मग सरळ मिस्त्रीला फोन लावला.

"तुमच्या मसाल्यात नेमकं काय असतं? नवी फरशी बसवल्यापासून पोर बदललंय माझं."

मिस्त्रीच्या कामाला आजवर बरीच नावं ठेवली गेली असतील, पण हे नवीन होतं. "सिमेंट, वाळू, पाणी," तो म्हणाला. "उद्या सांधे भरायला येतोच आहे. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. हातपाय धुतले, चकत्या बांधल्या आणि लांबच्या कोपऱ्यापासून ठोकायला बसला. टक, टक, टक, टक, मधोमध टक. पुढची फरशी. ढब्बू खिडकीखाली गोधडीवर, भिंतीकडे तोंड करून, वाट्यांत गढलेला. ती टेबलाशी. समोर नोंद उघडी होती, पण नजर पोरावर. स्वयंपाकघरात सासूनं दूध तापत ठेवलं होतं.

मिस्त्री एकेक ओळ संपवत जवळ आला. ढब्बूच्या पाठीमागे दोन हातांवर पोचला आणि थांबला. त्यानं तीच फरशी परत ठोकली. मग परत, जरा जोरात.

"पोकळ आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

त्यानं चौथ्यांदा ठोकली. या वेळी त्याचे डोळे मिटलेले नव्हते आणि फरशीवरही नव्हते. ते ढब्बूच्या मानेवर होते.

"मग काय झालं?"

मिस्त्री उठला. कोपऱ्यात उरलेल्या दोन-तीन फरश्या उभ्या करून ठेवल्या होत्या, त्यातली एक त्यानं उचलली, डाव्या हाताच्या पाचही बोटांच्या टोकांवर तोलली, आणि ढब्बूच्या पाठीमागे उभा राहून तिच्यावर थापीची मूठ हाणली. घंटेसारखा खणखणीत टोल पडला. ती खुर्चीतून अर्धी उठली. आतून सासू म्हणाली, "काय गं फुटलं?"

ढब्बूनं लहान वाटी मोठ्या वाटीत ठेवली.

मिस्त्रीनं परत टोल दिला. ढब्बूनं वाटी बाहेर काढली.

"ताई," मिस्त्री म्हणाला. नळाला पाणी येतं का विचारावं तशा आवाजात. "याला ऐकू येतं ना?"

तिला आधी हसूच आलं. "म्हणजे काय? येतं की. मी स्वतः तपासलंय. ताट आपटून बघितलंय त्याच्या मागं. केवढा दचकला होता."

"ताट कुठं आपटलं?"

"इथंच. खिडकीपाशी."

"हातात धरून वाजवलं, की जमिनीवर?"

"जमिनीवर."

मिस्त्रीनं हातातली फरशी फार हळू भिंतीला टेकवली. ती त्याच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांसमोर तिचा तो नकाशा आला, दारापासून खिडकीपर्यंतची लाल घरं. जमिनीवर. त्या जमिनीवर.

"मी फरशीचा माणूस, मला यातलं काय कळतं," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "पण तीस वर्षं लोकांच्या घरात ठोकतोय. घरात रांगतं पोर असलं की काम होत नाही आमचं. पहिल्या ठोक्याला वळतं, दुसऱ्याला रांगत येतं, तिसऱ्याला थापी मागतं. त्या चार दिवसांत हा आत होता, माझं लक्ष नव्हतं. आज मी तासभर त्याच्या मागं ठोकतोय. एकदा नाही वळला."

"खेळात आहे तो."

"असेल," मिस्त्री म्हणाला. त्या 'असेल' मध्ये इतकी माया होती की तिला त्याचा रागच आला.

ती आत गेली. मांडणीवरून ताट घेतलं, तेच ताट, आणि एक पळी. सासूनं विचारलं काय झालं, तिनं सांगितलं नाही. बाहेर येऊन ढब्बूच्या मागं उभी राहिली, ताट हातात उंच धरलं आणि पळीनं मारलं. एकदा. मग सलग. तिच्या स्वतःच्या कानात दडे बसले. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकी उघडली. ढब्बूच्या टाळूवरचे भुरे केस पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते, बाकी काहीच हलत नव्हतं.

सासू दारात येऊन उभी होती. तिनं एकदा मिस्त्रीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि विचारायचं काही उरलं नाही. "ढब्बू," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "ए ढब्बू." मग अशा आवाजात की जो या घरात कुणी ऐकला नव्हता. मग ती पुढे झाली, सुनेच्या हातातून ताट आणि पळी काढून घेतली, आणि दोन्ही उराशी धरून तिथंच खाली बसली.

"गोधडी जरा काढतो," मिस्त्री म्हणाला.

त्यानं ढब्बूला अलगद उचलून उघड्या फरशीवर बसवलं. पोरानं त्याच्या दाढीच्या खुंटांना हात लावून बघितला आणि परत वाट्यांकडे वळलं. मिस्त्री त्याच्या मागं गेला, रबरी हातोडा घेतला, आणि ढब्बू बसला होता त्याच फरशीच्या कडेवर एक ठोका दिला. आवाज जवळजवळ नव्हताच.

ढब्बूचा हात वाटीवर थांबला. त्यानं तळवा फरशीवर टेकवला. मग मान वळवली, मागं बघितलं, आणि चार दातांनिशी हसला.

तेच हसू. दारात कुणी आलं की फुलायचं ते. आईचं पाऊल ओळखतो.

तिला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. अंगातली सगळी वीज कुणीतरी एका बटणानं बंद केली, तसं झालं. तिला मिस्त्रीच्या अंगठ्याच्या नखात अडकलेलं सिमेंट दिसत होतं. दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता, आणि कुणीतरी उठून गॅस बंद करायला हवा असं तिच्या मनात येत होतं, पण ते कुणीतरी म्हणजे आपण, हे लक्षात येत नव्हतं. शेवटी मिस्त्रीच आत गेला आणि गॅस बंद करून आला. सांधे न भरताच त्यानं सामान गोळा केलं. जाताना दारात थांबला. मग नुसती मान हलवून गेला.

संध्याकाळी नवरा आला. तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका सपाट होता की त्याला आधी कळलंच नाही काय सांगतेय.

"कुणी सांगितलं हे? फरशीवाल्यानं?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि तू ऐकलंस?"

तिनं ढब्बूकडे बोट केलं. नवरा पोराच्या मागं गेला. चुटकी वाजवली. टाळी वाजवली. किल्ल्यांचा जुडगा कानाशी खुळखुळवला. मग जुडगा खिशात ठेवला आणि पोराच्या पाठीशी मांडी घालून बसला. आणि जो माणूस दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा तो बोलायला लागला. आज कामावर काय झालं, लिफ्ट कशी बंद पडली, साहेब कसा जिन्यात धापा टाकत होता. तासभर. पाठमोऱ्या पोराशी. सासूनं दोनदा जेवायला हाक मारली, आणि तिसऱ्यांदा मारली नाही.

दवाखान्यात काचेच्या खोलीत तपासणी झाली. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि तपासणी संपत आली तसं त्यांचं हसू अगदी रीतसर होत गेलं. दोन्ही कानांना जवळजवळ काही नाही. जन्मापासूनच असावं. श्रवणयंत्रं लावून बघू, मापं घेतलीत, तीन आठवड्यांत येतील. पुढे शस्त्रक्रियेचाही विचार करता येईल. अजून वेळ गेलेली नाही, पण आता वेळ घालवू नका.

"आत्तापर्यंत लक्षात कसं आलं नाही?" बाईंनी विचारलं. दोष देण्यासाठी नव्हे, कागदावर लिहिण्यासाठी.

तिनं पिशवीतून वही काढली. ते पान उघडलं. कान, आणि पुढे चौकोन, आणि चौकोनात खूण. निळ्या शाईनं, ठसठशीत. तारीखही घातली होती.

"आमच्या घरातल्या फरश्या सुट्या होत्या," ती म्हणाली.

बाईंनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. तिनं सगळं सांगितलं. बाईंनी काय लिहिलं ते तिला दिसलं नाही.

घरी आल्यावर तिनं ती नोंद पुरी करायला घेतली, कारण संपादकबाईंचा दोनदा निरोप आला होता. अर्थ झाला, उपयोग झाले. शब्दाचं मूळ असं लिहून तिनं पुढे लिहिलं, झाकणे. तिथून पुढे तिला लिहिता येईना. तिनं नोंद तशीच पाठवून दिली, दहा शब्द कमी. संपादकबाईंनी छान झालीय असं कळवलं.

तीन आठवडे काढायचे होते. आता घरात सगळ्यांना सगळं माहीत असूनही ढब्बू दिवसातून दहा वेळा दचकत होता. त्याच्या जगात माणसं येत नव्हती, एकदम उगवत होती. समोर काही नाही आणि अचानक आईचं तोंड. पाठीवर काही नाही आणि अचानक आजीचा हात. तो आता खेळता खेळता सारखा मागं वळून बघायचा. सारखा. वाटी ठेवली की मागं, उचलली की मागं. एवढ्याशा मानेनं पहारा द्यायचा. तिनं ते दोन दिवस बघितलं. आपल्या घरात एक फौजदार पुरे होता. त्याचा तो पहारा तिला तिसऱ्या दिवशी सहन होईना.

तिनं मिस्त्रीला बोलावलं.

"सांधे राहिलेत ना," मिस्त्री चकत्या बांधत म्हणाला. पोर कसं आहे हे त्यानं विचारलं नाही, पण आल्याआल्या खिशातून लाकडाचा एक गुळगुळीत ठोकळा काढून ढब्बूपुढे ठेवला.

"सांधे नाही," ती म्हणाली. "दारापासून खिडकीपर्यंतची एक ओळ काढा. आणि परत बसवा."

"का? ठोकून बघितलीय मी. एकही पोकळ नाही."

"तेच. पोकळ बसवा."

मिस्त्री गुडघ्यावर होता तसाच राहिला. ती पुढे म्हणाली, "तो सारखा मागं बघतो, मिस्त्री. आधी त्याला कळायचं कोण येतंय ते. ती फरशी त्याला सांगायची. मी काढून टाकली."

"ताई," मिस्त्री म्हणाला, "माझ्या हातून पोकळ फरशी चुकून गेली असेल. मुद्दाम कधी नाही."

"मग चुकून बसवा," सासू दारातून म्हणाली.

मिस्त्रीनं सासूकडे बघितलं. मग ओळीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता तो नाही म्हणायचा विचार करत नाहीये, कसं करायचं याचा करतोय. छिन्नीनं त्यानं स्वतःच बसवलेल्या सहा फरश्या एकेक करून उचकटल्या. खालचा मसाला खरवडून काढला. लाकडाच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक फरशीखाली मधोमध एकच आडवी टाकली, म्हणजे फरशी किंचित डुगडुगेल पण तुटणार नाही. कडा कानशीनं घासून गोल केल्या. फटी इतक्या बारीक ठेवल्या की त्यांत पोराचं बोट सोडा, नखही जाऊ नये. हे तिनं सांगितलं नव्हतं. दुपार त्यातच गेली.

सहावी फरशी ठेवून त्यानं सवयीनं थापीच्या मुठीनं ठोकलं. बद्द. घासात खडा यावा तसं त्यानं तोंड केलं.

"कुणी बसवली म्हणून विचारलं तर माझं नाव सांगू नका," तो म्हणाला.

गोधडी काढून तिनं जुनी पातळ सतरंजी घातली. ढब्बूला तिच्यावर भिंतीकडे तोंड करून बसवलं, वाट्या दिल्या, लाकडी ठोकळा दिला. मग बाहेर जाऊन जिन्याशी उभी राहिली. नाही वळला तर, असं मनात आलं, आणि त्यापुढे काही येईना.

तिनं दारातल्या पहिल्या फरशीवर पाय ठेवला.

पहिली डुगडुगली, तिनं दुसरीला धक्का दिला, दुसरीनं तिसरीला, आणि खडखडाट खिडकीपर्यंत गेला. ढब्बूचा हात ठोकळ्यावर थांबला. त्यानं मान वळवली. तिला बघून चार दातांनिशी हसला, आणि न घाबरता, न दचकता, परत आपल्या कामाला लागला. मागं वळून बघितलं नाही.

ती एक पाय फरशीवर ठेवून तशीच उभी राहिली. अकरा महिने तिनं हेच बघितलं होतं, आणि अकरा महिने काय बघतोय ते तिला माहीत नव्हतं. हसू तेच होतं. तिला ते परत देता येईना.

भिंतीशी गुडघ्यावर बसलेल्या मिस्त्रीनं डोळे मिटले होते.

"तिसरी जरा कमी हलतेय," तो म्हणाला. "परत चाला बघू, ताई."

ती मागं गेली, आणि परत चालली.